शेजारच्या दाण्याला शिक्षा

६ जानेवारी, सोमवार

मशीननं आज शेठजींच्या तोंडावर तूर मारली!

एक-दोन दाणे न्हाई. ओंजळभर. चांगली, टपोरी, निवडलेली तूर. आणि किडकी, काळी तूर ऐटीत घसरत चांगल्या पोत्यात जाऊन बसली. शेठजी – म्हणजे आमचे मालक राधेश्यामजी – चष्मा पुसत म्हणाले, "कौसल्या, ही मशीन चांगल्याला बाहेर काढतीय अन् खराबाला घरात घेतीय. हे काम तर माणसं फुकटात करतेत. मशीन कशाला पाहिजे?"

इजहार हसून हसून पोत्यावर बसला. मला हसू आलं न्हाई. मशीनचा सांगाडा शेठजींचा, कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम इजहारचा, पण मशीनच्या डोक्यातली चिप माझी. तूर मारली ती मीच, असं धरायचं.

शांत डोक्यानं लिहून काढते, म्हणजे चूक सापडेल.

वरच्या हॉपरमधून, म्हणजे तूर ओतायच्या मोठ्या नरसाळ्यातून, तूर घसरगुंडीवर येते. रांगेत, एकाशेजारी एक. मध्ये कॅमेरा बघतो. खाली हवेच्या बारीक नळ्यांची ओळ – आम्ही त्यांना फुंकण्या म्हणतो. कॅमेऱ्याला किडका दाणा दिसला की बराबर त्याच्यासमोरची फुंकणी फुर्र करते आणि दाणा बाजूला. इतकं सोपं. पण शेठजींनी कॅमेरा आणला तो चार तारांचा. "एका तारेच्या भावात चार!" काय तो आनंद! त्या चार तारांवरून एका वेळी चार दाण्यांची बातमी येते, पण ते चार दाणे शेजारचे नसतात. एक डाव्या टोकाचा, एक उजवीकडचा, दोन मधले कुठले तरी. फुंकण्यांना मात्र शेजारशेजारचे चार लागतात. म्हणजे बातम्या येतात एका क्रमानं आणि पाहिजेत दुसऱ्याच क्रमानं. आणि तूर काही "तुमचं होऊ द्या निवांत" म्हणून थांबत न्हाई. वरनं येतच राहते.

हा क्रम चालता चालता बदलायचा. हे माझं काम.

पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून गावात कृषी प्रदर्शन. शेठजींनी स्टॉल घेतलाय, बियाणे कंपनीच्या एका मोठ्या साहेबांना बोलावून ठेवलंय. तोवर जमलं तर मशीनमध्ये आपला बोर्ड, म्हणजे माझी चिपच राहील. न्हाई तर शेठजी बाहेरून तयार बोर्ड आणणार आणि मी बंगळूरला. तिथली नोकरी केव्हाची बोलावतीय. पण तिथं दुसऱ्याच्या चिपचा एक कोपरा रंगवायचा. इथं अख्खी चिप माझी. मला जायचं न्हाई. बिलकुल न्हाई.


७ जानेवारी

इजहारचा सल्ला – "आधी सगळं भरून घे ना. अख्खं चित्र. मंग निवांत वाच. जल्दी काय आहे?"

जल्दी ही, की तोवर दाणा पोत्यात जाऊन झोपतो! आणि अख्खं चित्र मावायला चिप केवढी? नखाएवढी!

"मंग झोपेतनं उठव त्याला," म्हणे.

यानं इंजिनिअरिंग केलं तरी कुठून?

माझ्याच वर्गातून. माझ्याहून जास्त मार्कांनी. पण तो मुद्दा वेगळा.


९ जानेवारी

दुखणं सापडलं. औषध न्हाई.

चिपच्या आत सगळं ठोक्यावर चालतं. टक् – चार आत. टक् – चार बाहेर. मध्ये ठेवायला मी चार छोटे डबे केलेत. पण एका डब्यातून एका ठोक्याला एकच दाणा निघतो. आणि मला पाहिजे असतात ते चारही दाणे नेमके एकाच डब्यात! तो डबा घामाघूम, बाकीचे तीन माशा मारत बसलेले. तोवर पुढची तूर हजर. मंग काय, धाड – शेठजींच्या तोंडावर.

त्यात धावड्याहून मामांचा फोन. स्थळ आणलंय. मुलगा वडीगोद्रीचा, नोकरी पुण्यात, "तुझ्याच लाईनीतला".

"लाईन म्हणजे कोणती, मामा?"

"तेच ते. काँप्युटरचं काय तरी बारीक बारीक."

एकोणीस तारखेला पाहायला येतेत. आईनं लगेच पडदे काढले धुवायला. जसं काय पडद्यांचंच जमवायचं आहे!


१२ जानेवारी, रविवार

आजचा दिवस सविस्तर लिहिणार. हात दुखले तरी.

सकाळी डोक्यात आलं, कागदावर कळत न्हाई तर माणसांवर करून पाहू. चार डबे म्हणजे चार माणसं. गच्चीवर चादर टाकली आणि गोल बसवले – आई, अप्पा, सुरेखा वहिनी आणि इजहारची अम्मी, अकबरबी चाची. (इजहारला बोलावलं होतं. चाची म्हणाल्या, "मैं भी आती, घर में क्या करूँ?" बरंच झालं, चौथा डबा मिळाला.) प्रत्येकापुढे रिकामी वाटी. इजहार म्हणजे कॅमेरा. मी म्हणजे घड्याळ – ताट आणि चमचा घेऊन ठोके देणार.

नियम साधा. दर ठोक्याला इजहार चार जागांवर चार दाणे टाकणार. पहिल्या जागेला तूर, दुसरीला हरभरा, तिसरीला शेंगदाणा, चौथीला मका. असे चार ठोके. मंग मी ओरडणार – "शेंगदाणे!" – आणि चारही शेंगदाणे एका दमात माझ्या ताटात आले पाहिजेत.

"या अल्ला," चाची म्हणाल्या, "जीतने का कैसा इसमें?"

पहिला डाव. तिसऱ्या जागेवर वहिनी. मी "शेंगदाणे!" म्हटलं तर चारही तिच्याच वाटीत. ती एकटी एकेक उचलून देतीय, बाकीचे तिघं आभाळाकडं बघतेत. अगदी बराबर – चिपमध्ये हेच चालू आहे!

पण वहिनी हात झटकून म्हणाली, "बघा ताई, या घरात सगळं मलाच का?"

आई म्हणाली, "शेंगदाण्याचं बोलून राह्यलीस का दुसरंच काही?"

मंग बराच वेळ शेंगदाणे बाजूला राह्यले. मागच्या दिवाळीतल्या करंज्या निघाल्या. कोण कोणाला न विचारता माहेरी गेल्तं, ते निघालं. चाची मोठ्या आवडीनं ऐकत होत्या. इजहार माझ्या कानात म्हणाला, "तुझा डबा भांडून राह्यला."

दुसरा डाव. वहिनीच्या जागी अप्पांना बसवलं. चार ठोके. "शेंगदाणे!"

वाटीत एकच.

"अप्पा, बाकीचे?"

"कोणते बाकीचे?" अप्पांचं तोंड चालू.

अप्पांनी डेटा खाल्ला! जगात इतक्या चिपा बनत असतील, पण डब्यानंच डेटा खाल्ला असं कोणाला झालं नसेल. मी म्हटलं, अप्पा, हा प्रयोग आहे. ते म्हणाले, "मंग भाजलेले कशाला आणलेस?"

तिसरा डाव. आता मला खरंच रडू येऊन राह्यलं होतं. थंडी चांगलीच होती आणि टाकीच्या सावलीनं सगळी चादर झाकलेली, ऊन फक्त एका जागेवर. त्या जागेवर आई. चाची म्हणाल्या, "मेरे घुटने अकड गए, जरा धूप में बैठने दो." अप्पा म्हणाले, मंग मी काय बर्फ खायला आलो का? शेवटी त्यांच्यात त्यांचंच ठरलं – दर ठोक्याला सगळ्यांनी वाटी उचलायची आणि एक जागा पुढं सरकायचं. सगळ्यांना पाळीपाळीनं ऊन.

मी ओरडून राह्यले, "डबे हलत नसतेत! डबे जागेवर असतेत!" ऐकतं कोण? आणि इजहार, बेशरम, हसत हसत त्या-त्या जागेवर ठरलेला दाणा टाकत गेला. समोर कोण येऊन बसलंय, ते पाहिलंसुद्धा न्हाई.

चार ठोके झाले. मी वैतागून, नुसतं म्हणायचं म्हणून म्हटलं, "शेंगदाणे."

आणि चौघांनी एकदम हात पुढे केले.

चौघांच्या तळहातावर एकेक शेंगदाणा!

माझा चमचा तसाच वर. "तूर!" म्हटलं – चार हात, चार तुरी. "मका!" – चार हात. कोणी थांबलं न्हाई, कोणी माशा मारल्या न्हाईत, वहिनीवर सगळं पडलं न्हाई. प्रत्येक जण प्रत्येक जागेवर एकदा बसून आल्ता, म्हणून प्रत्येकाच्या वाटीत सगळ्यातलं एकेक! दर ठोक्याला एक जागा सरकायचं. बास. इतकंच!

मी ताट खाली टाकलं आणि आईला उचलून गिरकी घेतली. आई म्हणाली, "सोड मेले, कंबर!"

"जीत गई क्या?" चाचींनी इजहारला विचारलं.

"हो अम्मी. जिंकली."

"तो इनाम?"

अप्पांनी मोठ्या मनानं स्वतःच्या वाटीतला शेंगदाणा दिला.


१३ जानेवारी

दिवसभर चिपमध्ये तेच भरलं (आतली जुळणी पाहिजे तितक्यांदा बदलता येते, अशीच चिप आहे ती). डबे काही खरंच सरकवता येत न्हाईत, म्हणून डब्यांच्या आधी रेल्वेच्या सांध्यासारखी वाट बदलून देणारी एक फिरती फाटाफूट बसवली – पहिल्या ठोक्याला सरळ, दुसऱ्याला एक घर पुढं, तिसऱ्याला दोन घरं. कॉम्प्युटरवर झकास चालली.

संध्याकाळी मशीनवर घातली. आता शेठजींच्या तोंडावर काही येत न्हाई. (ते लांबच उभे होते.) पण एक नवीनच – किडका दाणा सुखरूप खाली जातो आणि त्याच्या शेजारचा चांगला दाणा उडतो! दर वेळी शेजारचाच. चोर सोडून संन्याशाला फाशी!

शेठजी म्हणाले, "शेजारच्याला शिक्षा? हे तर आमच्या गल्लीसारखं झालं."


१४ जानेवारी, संक्रांत

सगळ्यांना तिळगूळ दिला. मशीनच्या हॉपरवर पण एक ठेवला. मशीन गोड बोलली न्हाई.


१६ जानेवारी

सापडलं! आत जाताना फिरवलं, पण बाहेर येताना उलटं फिरवायला विसरले. दाणे बराबर तेच चार येत होते, पण एक घर सरकून. म्हणजे मी लोकांना सरकवलं आणि परत आपापल्या जागी जा म्हणून सांगितलंच न्हाई. दुसरी फाटाफूट बसवली, उलट्या दिशेची.

मूठभर तूर टाकली. फुर्र – किडका बाहेर. फुर्र – काळा बाहेर. इजहारनं मूठभर आणखी टाकली. बराबर! शेठजींनी फोन काढून मशीनचा फोटो घेतला, मंग मशीनसोबत स्वतःचा. आम्ही दोघं फोटोत न्हाई. असू दे.


१७ जानेवारी

मूठभर टाकली तर झकास. पोतं ओतलं तर खिचडी.

का? का? का?

चिप तीच, तूर तीच. इजहार म्हणतो, मशीनला जास्त पाहुणे आले की घाबरते.


१९ जानेवारी, रविवार

आले आणि गेले. काय झालं ते मला अजून नीट समजलं न्हाई.

मुलाचं नाव कल्याण. उंच, कानांच्या पाळ्या लाल, शर्टाला इस्त्रीची घडी. सोबत त्याची आई आणि आमचे मामा. पोहे झाले, नाव-गाव झालं, पडद्यांचं कौतुक पण झालं (आई सुखावली). मंग मामा म्हणाले, "विचार रे, मुलीला काय विचारायचं ते."

त्यानं विचारलं, "तुम्ही नक्की काय करता?"

मी सांगितलं. थोडक्यातच सांगणार होते, पण मंग फिरती फाटाफूट आली, चार डबे आले, गच्चीवरचं ऊन पण आलं. मला वाटलं आता हा जांभई देईल. त्यानं पोह्याची बशी खाली ठेवली.

"पहिले चार ठोके भरले," तो म्हणाला. "ते बाहेर निघायला परत चार ठोके. तेवढ्यात वरनं नवीन येतच असतील. ते कुठं ठेवता?"

"तिथंच."

"तिथं म्हणजे? जुने अजून आतच आहेत की!"

मी बोटांवर ठोके मोजले.

अरे देवा. मूठभर टाकली तर झकास, कारण मागनं कोणी येत न्हाई. पोतं ओतलं की नवीन दाण्याची बातमी जुन्याच्या डोक्यावर जाऊन बसते!

"कागद आहे का?" त्यानं विचारलं. वहिनी जवळ होती, तिच्या हाताला जे लागलं ते तिनं दिलं – त्याचाच बायोडेटा. त्यानं पालथा घातला आणि मागच्या बाजूला डबे काढायला लागला. मी पण सरकून बसले. मी म्हटलं, इथं न्हाई, तिथं. तो म्हणाला, तिथं न्हाई, इथं.

मामा बघतच राह्यले. "अरे, तू पोरगी पाहायला आलास का मशीन?"

"पोहे खा रे, पोहे," त्याची आई.

कळलं ते असं – पुण्यात त्याची नोकरीच ती आहे. दुसऱ्यांनी बनवलेल्या चिपांमधल्या चुका शोधायच्या. त्याचा पगार चालतो दुसऱ्याच्या चुकांवर! माझ्या घरात बसून, माझे पोहे खाऊन, माझ्या चिपमध्ये खोट! आणि खोट खरी. हे तर जास्तच झोंबलं.


२० जानेवारी

मामांना फोन केला. नकार कळवा म्हटलं. असा माणूस रोज भाजीत मीठ शोधत बसेल.

मामा म्हणाले, "बरं बरं, बघतो."

बायोडेटावर त्याचा नंबर होता. माणुसकी म्हणून मेसेज टाकला – "चूक मान्य." इतकंच.


२१ जानेवारी

डब्यांचे दोन जोड करावेत – एक भरेल तोवर दुसरा रिकामा होईल? केलं. चिपमध्ये मावेना. मोठी चिप मागितली तर शेठजी म्हणाले, "चार तारा दिल्या ना तुला?"

दुपारी चहा पिता पिता सुचलं. जागा दुप्पट कशाला? जुना दाणा ज्या खणातून निघाला, त्याच खणात त्याच ठोक्याला नवा बसवायचा! एसटीत उतरणाऱ्याच्या सीटवर खिडकीतून रुमाल टाकतेत, तसं. उतरला की बसला!

इजहारला सांगितलं. तो म्हणाला, "हे तर आपण अंबडच्या गाडीला रोज करत होतो." करत होतो, पण सुचलं मला!


२२ जानेवारी

कल्याणचा मेसेज – "रुमाल चांगला. पण नवे दाणे जुन्यांच्या जागी बसले की आडव्याचं उभं होतं. पुढच्या फेरीला परत आडवं. वाचताना दर फेरीला दिशा बदलता का?"

(रुमालाचं मीच कळवलं होतं. सहज.)

नकार कळवूनही मेसेज! कमाल आहे माणसाची. मनाला लावून घ्यायचं सोडून आडवं-उभं करत बसलाय.

म्हणजे एका फेरीला ओळीनं बसलेले दाणे पुढच्या फेरीला एकाखाली एक बसतेत, आणि वाचताना दिशा बदलत न्हाईय मी. विसरले. परत त्याचंच खरं.

"बघते," असं लिहिलं. "धन्यवाद" लिहून खोडलं. मंग परत लिहिलं.


२४ जानेवारी

घरात गोंधळ!

जेवताना फोन ताटाशेजारी होता. वहिनीनं वाचला. आणि काय वाचला –

तो – "मी किती वेळ थांबू?"

मी – "एकच ठोका."

तो – "तेवढं चालेल. पण त्या ठोक्याला तू तिथं पाहिजेस."

वहिनीचा चेहरा लाल. "ताई! अन् आम्हाला सांगितलं नकार!"

मी म्हटलं, अगं ठोका म्हणजे चिपचा. नवा दाणा पोचायच्या आत जुना निघाला पाहिजे, त्याचं चाललंय. तो म्हणजे नवा दाणा, तू म्हणजे मी न्हाई, जुना दाणा, अन् तिथं म्हणजे बाहेरच्या दारात.

वहिनी म्हणाली, "हो हो. दाणा."

आईला मात्र स्वयंपाकघरात गुणगुणताना ऐकलं मी. अप्पांनी विचारलं, "दाण्याचं काय चाललंय? आणलेत का?"


२६ जानेवारी

सुट्टी. तरी कारखान्यात गेले. झेंडा झाला, मंग मशीन.

कल्याणनं आणखी एक चूक काढली. पोतं संपत आलं की शेवटचे दाणे आतच अडकतात, कारण मागनं ढकलायला कोणी येत न्हाई. याला दिसतं तरी कसं? मी चिडून लिहिलं, तुम्हाला दुसऱ्याचं चांगलं बघवत न्हाई का? त्यानं लिहिलं, "चांगलंच आहे. म्हणून तर बघतोय."

हे वाक्य चार वेळा वाचलं. मंग कामाला लागले.


२९ जानेवारी

पोतं ओतलं. अख्खं पोतं!

किडके एका बाजूला, चांगले एका बाजूला. वेग पूर्ण. इजहारनं खालच्या पोत्यात हात घालून तपासलं – एक किडका न्हाई. त्यानं आणखी खोल हात घातला. न्हाई! मंग त्यानं माझ्याकडं बघून मान हलवली. त्याच्याकडनं हे फार झालं.

शेठजींनी नारळ फोडला. पाणी कंट्रोल पॅनेलवर उडालं. मी हाताला लागेल त्यानं पुसून काढलं. पण चालू राह्यली बापडी!


१ फेब्रुवारी, शनिवार

प्रदर्शन. काय झालं ते जसं झालं तसं लिहिते.

अकरा-साडेअकराला साहेब आले. बियाणे कंपनीचे, पांढरा शर्ट, मागं दोन माणसं. कमी बोलणारे. त्यांनी स्वतःची तूर आणली होती, किडकी मुद्दाम मिसळून. ओतली. मशीन सुरू. फुर्र फुर्र फुर्र. साहेबांनी खालची तूर हातावर घेऊन पाहिली, उन्हात धरून पाहिली, बाहेर फेकलेली पण पाहिली. "हं," म्हणाले. एवढंच.

एवढ्यावर थांबले असते तर ते शेठजी कसले! गर्दी जमली होती, त्यांच्या अंगात आलं. शेजारच्या स्टॉलवरचं हरभऱ्याचं पोतं उचललं – "साहेब, आमची मशीन काहीपण निवडते!" – आणि मी "न्हाई, शेठ, न्हाई!" म्हणेपर्यंत हॉपरमध्ये, साहेबांच्या उरलेल्या तुरीवरच, ओतलं.

मशीनला आम्ही चांगला दाणा म्हणजे तूर असं शिकवलेलं. तिच्या दृष्टीनं हरभऱ्याचा दाणा न् दाणा खराब. जवळजवळ सगळ्या फुंकण्या एकदम सुटल्या. आणि बाहेर फेकायच्या बाजूचं झाकण साहेबांना आतलं दिसावं म्हणून इजहारनं काढून ठेवलेलं!

हरभऱ्याचा पाऊस! साहेबांच्या केसात हरभरा, कॉलरमध्ये हरभरा, दोन माणसं टेबलाखाली, बायका पदर धरून पळाल्या, दोन म्हातारे, काहीतरी फुकट वाटप चालू आहे असं समजून, टोपी पुढं करून उभे. शेठजी बटण शोधत होते, सापडलं ते लाईटचं. शेवटी इजहारनं वायरच उपटली.

साहेबांनी कॉलरमधून दाणे काढले. मला वाटलं, संपलं. बंगळूरची गाडीच दिसायला लागली डोळ्यांपुढं.

साहेब म्हणाले, "हे आतलं सर्किट कोणी बनवलं?"

शेठजींचा हात सवयीनं इजहारकडं गेला. इजहार म्हणाला, "न्हाई साहेब. मी तर सगळं भरून ठेवा म्हणत होतो. क्रम लावला तो या कौसल्यानं."

साहेब माझ्याकडं वळले. "एवढा हरभरा एकदम आला. तरी त्याचा एकसुद्धा दाणा चुकून खाली गेला न्हाई, आणि माझी चांगली तूर उडाली न्हाई. बघा."

मी वाकून पाहिलं. चांगल्या दाण्याचं पोतं – त्यात नुसती तूर, हरभऱ्याचा एक दाणा न्हाई. प्रत्येकाला त्याच्याच फुंकणीनं, त्याच्याच ठोक्याला उडवलेलं. सगळं जग विस्कटलं होतं, क्रम तेवढा बराबर होता.

"पुढच्या महिन्यात आमच्या प्लांटवर लावून बघू," साहेब म्हणाले. "झाकण लावून."

शेठजी परत येताना गाडीत म्हणाले, "बोर्ड आपलाच राहील. बाहेरचा कशाला?" मंग थोड्या वेळानं, "कौसल्या, हरभऱ्याचं पण शिकव हो तिला."

मी खिडकीकडं तोंड करून रडले. खरं तर हसत होते, पण पाणी येतच होतं.


३ फेब्रुवारी

बंगळूरला न्हाई म्हणून कळवलं. एका ओळीत.

प्रदर्शनाचं सगळं कल्याणला लिहिलं होतं. त्यानं हसण्याची चित्रं पाठवली आणि शेवटी – "आता एकही चूक दिसत न्हाई. अभिनंदन." त्यानंतर काही न्हाई. काल न्हाई, आज न्हाई. साहजिक आहे. चूकच न्हाई तर मेसेज कशाला येईल? आणि नकार मी दिलेला आहे.

मुद्दाम एक चूक घालून पाठवावी का?

छे! काहीतरीच.

(कुठली घालावी, हे मात्र ठरवून झालंय.)


५ फेब्रुवारी

कल्याणचा फोन आला. म्हटलं, नकार कळवल्यावरही इतके दिवस मेसेज करून राह्यलात, धन्य आहे तुमची! तो म्हणाला, "तुमचा नकार? नकार तर मी दिला होता. त्याच दिवशी, तुमच्या मामांना. तरी तुमचा मेसेज आला, मला वाटलं लईच चिकट आहे पोरगी." मामांनी दोन्ही नकार गिळले! म्हणजे हा माणूस इतके दिवस खरंच फक्त चुका शोधत होता.

"मंग आज कोणती सापडली?" मी विचारलं. माझा आवाज जरा वरच गेला.

"आज एकही न्हाई," तो म्हणाला. "तरी केला."